मागचा एक्सल परत परत तुटतोय? जाड एक्सल घेण्याआधी तुटलेला तुकडा बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. जुनी जीप-पद्धतीची गाडी, मागं पाटे, कंपनीपेक्षा मोठे टायर, आणि पावसाळा लागला की मागचा डावा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, जातो. नवा बसतो, काही महिने बरा चालतो आणि परत त्याच जागी तुटतो. मग मालक कोल्हापूरच्या उद्यमनगरात येऊन सांगतो, "मिस्त्री, ह्या वेळेला हेवी ड्युटीच घाला. पैशाचं बघू नका."

पैशाचं बघू नका म्हणणारं गिऱ्हाईक कुणाला नको असतं? तरी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुटलेला तुकडा कुठाय? उत्तर बऱ्याचदा येतं, "भंगारात दिला की." तिथंच निम्मं निदान गेलं. एकाच जागी परत परत तुटणाऱ्या एक्सलला गाडीतलंच काहीतरी तोडत असतं. ते सापडत नाही तोवर आत कितीही महागाचं पोलाद घाला, ते जरा उशिरा तुटेल एवढंच. आणि समजा पोलाद खरोखरच तुटेनासं झालं, तर मग क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनाचा जोर एक्सलकडं वळवणाऱ्या दातेरी जोडीचे, दात उडतील. एक्सल तास-दोन तासांत बदलून होतो. क्राऊन-पिनियन बसवायचं म्हणजे शिम लावा, बॅकलॅश बघा, दातांवर रंग लावून ठसा बघा, सगळा दिवस गेला. स्वस्तातलं तुटणं वाचवायला जाऊन महागातलं तुटणं घरी आणू नका.

तुकडा कसा बघायचा

दोन्ही तुकडे डिझेलमध्ये धुवा, मऊ ब्रश मारा, वाऱ्यावर वाळू द्या. तारेचा ब्रश नको. आणि "बघू बसतोय का" म्हणून दोन तुकडे एकमेकांवर टेकवून दाबायचे नाहीत. हा खेळ सगळेच खेळतात आणि तुटलेल्या तोंडावरच्या खुणा घासून टाकतात. मग तुकडा तिरप्या उन्हात धरा. दुपारच्या बाराचं डोक्यावरचं ऊन नको, सकाळ-संध्याकाळचं चालतं. नाहीतर बाजूनं टॉर्च मारा.

पहिला प्रकार असा दिसतो : तुटलेलं तोंड जवळजवळ सपाट, दांड्याला काटकोनात. त्यातला एक भाग गुळगुळीत, त्यावर कडेच्या एखाद्या बिंदूपासून पसरत गेलेल्या अर्धगोल रेषा. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती हळूहळू आत सरकत होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता. खरबरीत भाग म्हणजे शेवटच्या दिवशी एका झटक्यात गेलेलं. ह्याला थकवा म्हणतात, फटीग. आता प्रमाण बघा. गुळगुळीत भाग तोंडाच्या तीन-चतुर्थांश असेल तर भार फार मोठा नव्हता, पण तो लाखो वेळा येत होता. गुळगुळीत भाग नखाएवढा आणि बाकी सगळं खरबरीत असेल तर भारच जबर होता. अशी तुटण बेअरिंगच्या बैठकीपाशी किंवा फ्लँजच्या (चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या तबकडीच्या) मुळाशी असेल, तर एक्सल वाकून वाकून तुटलाय. पिळानं नाही.

दुसरा प्रकार पिळाचा. स्प्लाईनचे, म्हणजे दांड्याच्या आतल्या टोकावर लांबीत कोरलेले, दात सरळ न राहता तिरपे फिरलेले दिसतात. तुटण सहसा स्प्लाईन संपतात तिथं. तोंडावर जुन्या चिरेच्या रेषा नसतात. कधी ते आडवं सपाट कातरल्यासारखं तुटतं, तर कडक झालेला दांडा असेल तर पंचेचाळीस अंशात फिरत गेलेलं. हा एका दणक्याचा किंवा थोड्याच मोठ्या दणक्यांचा मार.

तिसरा ह्या दोघांच्या मधला : प्रत्येक स्प्लाईनच्या मुळाशी एकेक बारीक चीर सुटलेली आणि सगळ्या आत मध्याकडे गेलेल्या, तोंड चांदणीसारखं. पिळाचाच भार, पण उलट-सुलट, वारंवार. पुढं-मागं, पुढं-मागं करून चिखलातनं गाडी काढायची सवय असलेल्यांच्या गाडीत हे हमखास दिसतं.

पुढच्या खेपेसाठी एक फुकटातली युक्ती. नवा एक्सल बसवण्याआधी त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची सरळ रेघ ओढा. वर्षभरानं ब्रेकच्या कामाला एक्सल बाहेर आला की रेघ बघा. ती गोल फिरलेली दिसली तर दांडा पिळून कायमचा वळलाय; न तुटलेला असला तरी तो आता स्पेअरमध्येही ठेवायच्या लायकीचा नाही. हा एक्सल त्याच्या ताकदीबाहेर वापरला जातोय, ह्याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

बेअरिंगपाशी तुटला असेल तर

इथंच जास्त वेळ घालवा. "परत परत"वाल्या बहुतेक गाड्या इथंच सापडतात.

आधी मागचा एक्सल कुठल्या जातीचा आहे हे समजून घ्या. सेमी-फ्लोटिंगमध्ये चाक एक्सलच्याच फ्लँजवर बसतं. म्हणजे तोच दांडा चाक फिरवतो आणि तोच गाडीचं वजन पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये चाकाचा हब दोन बेअरिंगांवर, एक्सलभोवतीच्या हाऊसिंगच्या नळीच्या टोकावर बसतो. वजन नळीवर, एक्सलकडं फक्त पीळ. महामार्गाच्या कडेला ट्रकचे हबचे बोल्ट काढून, चाकं जमिनीवर तशीच ठेवून ड्रायव्हर एक्सल ओढून काढताना शिरोली-कागल पट्ट्यात कुणी बघितला नसेल असं होणार नाही. ते फुल-फ्लोटिंग आहे म्हणूनच जमतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला मागं फुल-फ्लोटिंगच होतं. नंतरच्या नागरी जीपना स्वस्त आणि हलकं म्हणून सेमी-फ्लोटिंग आलं. आज रस्त्यावरच्या बहुतेक हलक्या फोर बाय फोर गाड्या मागं सेमी-फ्लोटिंगच आहेत.

सेमी-फ्लोटिंग एक्सलला प्रत्येक फेऱ्यात वाकण्याचा एक झोका बसतो. ३० इंची टायरचा घेर साधारण २.४ मीटर, म्हणजे किलोमीटरला चारशेच्या वर फेरे. हजार किलोमीटरला चार लाखांहून जास्त झोके. कारखान्यानं हे धरूनच दांडा बनवलेला असतो. त्यात आपण थोडीशी भर घातली की हिशोब बिघडतो, आणि ती भर तीन-चार ठिकाणांहून येते.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते वाकडं हाऊसिंग. नळी थोडी वाकली की एक्सलचं बाहेरचं टोक बेअरिंगमध्ये आणि आतलं टोक साइड गिअरच्या (मधल्या डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकाच्या) स्प्लाईनमध्ये, ही दोन्ही एका रेषेत राहत नाहीत. दांडा प्रत्येक फेऱ्याला जबरदस्तीनं वाकवला जातो. डोळ्यांना हे दिसत नाही. तपासायचं असं : मागची बाजू उचला आणि स्टँड हाऊसिंगखाली पाट्यांपाशी लावा. रिमच्या वरच्या कडेला ओळंबा टेकवा आणि खालच्या कडेपासून दोरा किती लांब राहतो किंवा कडा दोऱ्याला किती ढकलते ते मोजा. चाक अर्धा फेरा फिरवून परत मोजा. दोन मापांत फरक आला तर रिम किंवा एक्सलचा फ्लँज वाकडा. दोन्हींची सरासरी घेतली की उरतो तो हाऊसिंगचा वाक. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. गाडी जरा कललेली असली तरी दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र धरले की कल आपोआप वजा होतो. १६ इंची रिमवर एक अंश म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर. दोन्ही मिळून दोन-तीन मिलिमीटर असेल तर मी सोडून देतो. पाच-सहाच्या पुढं गेलं की हाऊसिंग उतरवायला सांगतो, गिऱ्हाईकाचं तोंड वाकडं झालं तरी.

चाकं कुठल्या बाजूला कललीत ह्यावरनं कारणही कळतं. वरून आत कललेली असतील तर नळीची टोकं वर उचलली गेलीत : जादा ओझं, नाहीतर बांधावरनं उडी. वरून बाहेर कललेली असतील तर टोकं खाली ओढली गेलीत, आणि ओझ्यानं असं होऊच शकत नाही. मग खाली वाकून बघायचं, नळीच्या पोटाला कुणी काय वेल्डिंग केलंय.

आजऱ्याकडची एक गाडी अशीच आली होती. डावा एक्सल, बेअरिंगची बैठक, नेहमीचीच तुटण. मालकानं बाहेरून भारीतला मिश्र पोलादाचा एक्सल मागवून घातला होता, तोही तिथंच गेला. तुकडा उन्हात धरला तर गुळगुळीत भाग तोंडाच्या पाऊण हिश्शाला आलेला, रेषा अगदी स्पष्ट, आणि खरबरीत भाग एका कडेला चंद्रकोरीएवढा. म्हणजे भार किरकोळ, पण रोजचा. ओळंबा लावला तर डावं चाक वरून बाहेर, सहा मिलिमीटर. उजवं जवळपास सरळ. खाली बघितलं तर जांभ्या दगडावर घासू नये म्हणून डाव्या नळीच्या पोटाला वीतभर लांबीची जाड पट्टी वेल्ड केलेली, सलग, एका दमात. वेल्डिंग थंड होताना आकसतं, आणि ज्या अंगाला ते असतं त्या अंगाला नळी ओढली जाते. पट्टी लावणाऱ्याचा हेतू चांगला होता. ती कापून काढली, हाऊसिंग मोकळं केलं, बेअरिंगच्या जागी खऱ्या मापाच्या चकत्या घालून त्यातनं सरळ बार सरकवला तर तो निम्म्यावरच अडला. प्रेसवर घेऊन नळी सरळ केली आणि बार हातानं सरकेपर्यंत सोडली नाही. मग कंपनीच्याच मापाचा, साधाच एक्सल बसवला.

हाऊसिंगला काहीही जोडायचं असेल, पाट्याची बैठक असो की धक्का-पट्टी, तर ते क्लॅम्पनं धरा. वेल्डिंगच करायचं असेल तर आत बार घालून, इंचा-इंचाचे टाके समोरासमोर मारत, मध्ये थंड होऊ देत करा. आणि नंतर ओळंबा लावल्याशिवाय गाडी सोडू नका.

दुसरं कारण, चाक मूळ जागेपेक्षा बाहेरच्या अंगाला सरकवणं. रुंद टायर आणि उलट्या ऑफसेटचे रिम, किंवा हब आणि रिमच्या मध्ये स्पेसरची जाड चकती. समजा टायरच्या मध्यापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंत ६० मिलिमीटर होते आणि ३० मिलिमीटरचा स्पेसर घातला. वाकवणारा जोर थेट दीडपट. एका चाकावर ५०० किलो धरले तर नुसतं उभ्या उभ्या दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास जादा वाक आला; खड्ड्यात आपटताना त्याच्या कितीतरी पट. आणि थकव्याच्या बाबतीत दीडपट जोर म्हणजे आयुष्य दीडपटीनं कमी, असा सरळ हिशोब नसतो. ते कित्येक पटींनी घटतं. गाडी रुंद दिसते, फोटोत छान येते, हे खरं. त्याचं बिल एक्सल भरतो.

तिसरं आमच्याच धंद्यातलं. जुनं बेअरिंग काढायला त्याच्या मागची दाबून बसवलेली रिंग गॅसनं तापवणं. रिंग सुटते, पण खालच्या दांड्याचा पृष्ठभाग तापून त्याचा कडकपणा उतरतो. किंवा ती रिंग छिन्नीनं फोडताना दांड्यावर एक बारीक टोचा पडतो. तुकड्यावरच्या अर्धगोल रेषा जिथनं सुटल्यात तिथं भिंग लावून बघा, कधीकधी तो टोचा तिथंच बसलेला दिसतो. रिंगला ड्रिलनं भोक पाडून, भोक दांड्यापर्यंत न नेता, मग छिन्नीचा एक हलका घाव घालायचा. नाहीतर सरळ प्रेस.

आणि चौथं आपल्या भागाचं खास : पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर उद्यमनगरात अशी किती हाऊसिंग उघडली गेली ह्याला गणती नाही. गरम हाऊसिंग अचानक पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं (हाऊसिंगची हवा आत-बाहेर जायची वाट) नाहीतर सीलच्या ओठातनं पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं. तेल बदललं म्हणून मालक निश्चिंत, पण एक्सलवर सीलच्या आतल्या अंगाला गंजाचे खड्डे पडून राहतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी चीर त्यातल्याच एखाद्या खड्ड्यातनं सुटते. पाण्यातनं गेलेल्या गाडीचा एक्सल बाहेर काढून बोट फिरवा. नख अडलं तर तो बदला. आणि ब्रीदरला तेल चालणारी रबरी नळी जोडून ती वर चॅसीत, जमलं तर इंजिनाच्या बाजूला उंच न्या. ह्या सगळ्या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हेच.

स्प्लाईनपाशी पिळून तुटला असेल तर

आता जाड किंवा चांगल्या पोलादाच्या एक्सलचा विषय खऱ्या अर्थानं सुरू होतो.

थोडा हिशोब करू. समजा इंजिनाचा टॉर्क २४५ न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं प्रमाण ४, फोर बाय फोरच्या लो गिअरचं २.५, क्राऊन-पिनियनचं ४. गुणाकार ९,८००. घर्षणात पंधरा टक्के गेले तरी आठ हजारांच्या वर. डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) लावलेला, पुढची चाकं हवेत, मागच्या एकाच चाकाला पकड : सगळा पीळ एका एक्सलवर. पण चाक त्याआधीच घसरतं. त्या चाकावर ७०० किलो, पकड ०.९, टायरची त्रिज्या ३८ सेंटिमीटर धरली तर सुमारे २,३५० न्यूटन-मीटरला टायर सुटतो. टायर हा एक्सलचा फ्यूज आहे. ३० मिलिमीटरच्या दांड्यावर ह्या पिळाचा ताण ४४३ मेगापास्कल येतो, आणि चांगला कडक केलेला एक्सल तो कसाबसा पेलतो.

फ्यूज दोन वेळा निकामी होतो. एक, टायर दोन दगडांत किंवा जांभ्याच्या खाचेत अडकतो, घसरायला जागाच नसते. दोन, चाक हवेत किंवा चिखलात जोरात फिरत असतं आणि अचानक त्याला पकड मिळते. शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानात उसाच्या फडातनं गाडी काढताना चाक भिरभिरतं, ॲक्सिलरेटर दाबलेलाच असतो, आणि बांधाचा दगड लागतो. फिरणारं चाक, ड्रम, इंजिनाचं फ्लायव्हील, सगळ्यांची साठलेली गती त्या क्षणाला दांड्यावर येते. हा मार कुठल्याच हिशोबात बसत नाही. इथं पहिला इलाज उजव्या पायाचा आहे, पोलादाचा नंतर. भिरभिरणं सुरू झालं की पाय सोडा, चाक थांबू द्या, मग परत घ्या. टायरची हवा कमी करा, पकड वाढते आणि झटका मऊ होतो. फळी, साखळी, विंच, जे असेल ते वापरा.

टायरही बघा. २९ वरनं ३३ इंचावर गेलात तर त्रिज्या १४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे चाक सुटेपर्यंत एक्सलला तेवढाच जादा पीळ धरायचा आहे. शिवाय टायर जड, त्याचा झटका जड.

पाय हलका आहे, टायर शहाणपणानं घेतलेत, तरी पेंटची रेघ फिरते, तर मग घ्या हेवी ड्युटी.

घेताना काय बघायचं

व्यासाचा फायदा मोठा असतो. पिळाची ताकद व्यासाच्या घनानं वाढते : ३० वरनं ३३ मिलिमीटर गेलं तर ३३ टक्के, ३५ ला गेलं तर जवळपास ५९ टक्के. पण व्यास मोजायचा कुठं? स्प्लाईनच्या मुळाशी, दातांच्या खाचेत. दांडा ३३ चा आणि स्प्लाईनचं मूळ ३० चं असेल तर तो ३० चाच एक्सल आहे. उलट तो वाईट, कारण जाड दांडा पिळत नाही आणि सगळा पीळ स्प्लाईन संपतात तिथं गोळा होतो. चांगल्या एक्सलचा मधला दांडा स्प्लाईनच्या मुळापेक्षा किंचित बारीक आणि तिथं जाताना गोलाई दिलेली असते, म्हणजे पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो. दुकानात कॅलिपर घेऊन जा. कुणी हसलं तर हसू द्या.

जास्त व्यास म्हणजे वेगळे स्प्लाईन, म्हणजे वेगळे साइड गिअर, बऱ्याचदा वेगळा डिफ. तो खर्च नको असेल तर त्याच मापाचा चांगल्या पोलादाचा एक्सल हा मधला मार्ग, आणि माझ्या मते आपल्याकडच्या शेत-घाट-पावसाळा अशा वापराला बहुतेकांना तोच पुरतो.

आता पोलाद. कोल्हापुरात ह्या बाबतीत मोह मोठा आहे. उद्यमनगरात काय बनत नाही? ऑइल इंजिनांपासून सुरुवात करून फाउंड्र्या, लेथ, हॉबिंग, ग्राइंडिंग, उष्णता-प्रक्रिया, सगळं दोन-चार किलोमीटरांत. नमुना दिला की संध्याकाळपर्यंत हुबेहूब एक्सल हातात. हुबेहूब दिसतो, हे खरं. पण साध्या ईएन-८ पोलादाचा बार आणून, वळून, स्प्लाईन पाडून, कडक न करता दिला तर ३० मिलिमीटरचा तो दांडा साधारण साडेआठशे न्यूटन-मीटरला कायमचा पिळायला लागतो. वर आपण २,३५० चा हिशोब केला. एवढं अंतर आहे.

ईएन-८ वाईट नाही. तशाच मध्यम कार्बनच्या पोलादाचे एक्सल कारखाने सर्रास बनवतात. फरक इंडक्शन हार्डनिंगचा असतो. बाहेरची साल कडक, आतला गाभा चिवट. मिश्र पोलादात ईएन-१९, म्हणजे अमेरिकन मापातलं ४१४०, हे चांगलं. ईएन-२४, म्हणजे ४३४०, त्याहून वरचं, पण तेही योग्य कडक-मऊ केलेलं असेल तरच. बनवून घ्यायचाच असेल तर बारचा तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे पोलादात काय मिसळलंय ते तपासायला, द्या; फाउंड्र्यांमुळं गावात लॅबची वाण नाही. कडकपणा रॉकवेलवर बघा, तोही दांड्यावर आणि स्प्लाईनवर, दोन्हीकडं. घरच्या घरी तपासायचं तर नवी कानस स्प्लाईनच्या टोकावर मारून बघा : चावली आणि चुरा पडला तर साल मऊ आहे, घसरली तर ठीक. शेवटी मॅग्नाफ्लक्सची चुंबकी तपासणी करा, म्हणजे उष्णता-प्रक्रियेत पडलेली केसाएवढी चीरही दिसते.

एक गोष्ट मात्र नकोच : दांड्याला फ्लँज वेल्ड करून बनवलेला सेमी-फ्लोटिंग एक्सल. कारखान्यात फ्लँज त्याच बारच्या टोकाला ठोकून फुलवलेला असतो. वेल्डिंगचा सांधा नेमका जिथं वाकण्याचा जोर मोठा असतो तिथं येतो, आणि सुटला की एक्सल तुटत नाही, चाकच निघून जातं. गगनबावड्याच्या करूळ घाटात उतरताना हे नको.

फुल-फ्लोटिंग करावं का?

गाडीवर कायम ओझं असेल, उसाचं बेणं, खताची पोती, पाण्याची टाकी, किंवा एकट्यानं लांब आत जायचं असेल, तर हो. एक्सल तुटला तरी चाक जागेवर राहतं, तुटलेला दांडा ओढून काढून पुढच्या चाकांवर गाडी गावापर्यंत येते. जत्रेला आणि हायवेला वापरायच्या गाडीला नको. वजन वाढतं, हबच्या बेअरिंगची निगा वाढते, खर्च वाढतो. मोठ्या गाडीचं अख्खं हाऊसिंग आणून बसवायचं म्हणाल तर चार गोष्टी जुळायला हव्यात : रुंदी, पाट्यांच्या बैठकीचं अंतर, पिनियनचा कोन आणि क्राऊनचं प्रमाण. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पुढं-मागं प्रमाण वेगळं असेल तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीत) ताण भरत जातो; कोरड्या डांबरी रस्त्यावर तर काही मिनिटांत लिव्हर अडकून बसतो. म्हणजे बदलायचं तर दोन्हीकडचं क्राऊन-पिनियन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही विसरू नका. मूळ नोंदणीच्या तपशिलाला सोडून केलेल्या बदलांना मनाई आहे, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच उकरते. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा.

पुढच्या एक्सलचं दुखणं वेगळं असतं. तिथं दांड्यापेक्षा क्रॉस किंवा सीव्ही जॉइंट आधी जातो, आणि तोही बहुतेक वेळा स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना जोर दिला म्हणून. चाक सरळ करून मग जोर द्या. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

बसवताना

एक्सल स्प्लाईनपाशी तुटला असेल तर आतला तुकडा साइड गिअरमध्येच राहतो. दुसऱ्या बाजूचा एक्सल काढून तिकडनं लांब सळई घालून तो बाहेर ठोकता येतो, पण डिफच्या मधोमध पिन किंवा ठोकळा असेल तर सळई अडते. मग मागचं झाकण उघडायचं. झाकण उघडाच, तुकडा निघाला तरी. कडक पोलादाचे कण तेलात फिरत असतात आणि बेअरिंगच्या वाटेला जातात. डिझेलनं धुवा, तळ पुसा, ड्रेन बोल्टला चुंबक नसेल तर चुंबकवाला घाला. तेल जीएल-५, गाडीच्या पुस्तकात असेल त्या नंबराचं. लिमिटेड स्लिप डिफ असेल तर त्याला वेगळं तेल लागतं, दुकानदाराला तसं सांगून घ्या.

तुटलेल्या बाजूचाच नाही, दुसऱ्या बाजूचाही एक्सल काढून स्प्लाईन बघा. ज्या दणक्यानं एक गेला त्यानं दुसरा पिळलेला असू शकतो. सील आणि बेअरिंग दोन्हीकडचं नवं. निमुळत्या टोकाचा, चावी आणि नट असलेला एक्सल असेल तर हबची बैठक निळा रंग लावून जुळवा. नुसती चावी पीळ धरत नाही. धरते ती निमुळत्या टोकाची घट्ट बैठक. नट पुस्तकातल्या टॉर्कनंच आवळा. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर परत आवळायला या, आणि येताना ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काय चिकटलंय ते पुसून टाकू नका, तसंच दाखवा. करडी पेस्ट असेल तर चालतं. नखानं उचलता येईल असा कण असेल तर झाकण परत उघडू.